कळा मोजायला वेळ कुणाला?

बाळंतपण दवाखान्यात झालं म्हणजे सगळं नीट झालं, असं आपण धरून चालतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के. त्याच सर्वेक्षणात सिझेरियनचं प्रमाण तेलंगणात ६१ टक्के, तर नागालँडमध्ये जेमतेम ५. नागालँडमधली निम्म्याहून जास्त बाळंतपणं घरीच झाली होती. एकीकडे नको तेवढी कात्री, दुसरीकडे गरज पडली तरी ती हाताशी नाही. याला कारणं अनेक आहेत. पण प्रशिक्षित मिडवाइफची उणीव दोन्हीकडे आहे.

ती करते काय? बाईच्या पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा येतात ते मोजते. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके ऐकते आणि सगळं पार्टोग्राफ नावाच्या तक्त्यावर मांडत जाते. रेषा भलतीकडे चालली, की वेळेत डॉक्टरांना बोलावते. बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देते, म्हणजे गर्भाशय आवळतं आणि रक्तस्रावाचा धोका घटतो. यात महागडं यंत्र कुठलंच नाही. लागतो तो वेळ, आणि गर्दीच्या प्रसूतिकक्षात नेमका तोच नसतो.

खरं तर हे काम आपल्या एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसविका) सिस्टरचं होतं. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या कामाबद्दल नेमलेल्या १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर तिला बहुउद्देशीय आरोग्यसेविका केलं गेलं. लसीकरण, कुटुंबनियोजन आणि रजिस्टरं वाढली, प्रशिक्षण मात्र दोन वर्षांवरून दीड वर्षावर आलं. एका उपकेंद्रामागे सपाटीवर ५,०००, आदिवासी भागात ३,००० लोकसंख्या. एवढ्या व्यापात रात्रभर एका बाईपाशी बसणार कोण? (रजिस्टर अपुरं राहिलं तर साहेब विचारतात, कळा मोजल्या का, हे सहसा कुणी विचारत नाही.)

गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत ‘माहेरघर’ योजना आहे. दिवस भरत आले की बाईनं आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं. ओढ्याला पूर आला तर वाट बंद होणाऱ्या गावांसाठी ही मोठी सोय. तिनं अंतर मिटतं, हातांची कमतरता नाही.

गंमत म्हणजे, सिझेरियनमध्ये पहिल्या असलेल्या तेलंगणानंच उपायातही पुढाकार घेतला. २०१७ मध्ये तिथं सरकारी परिचारिकांचं दीड वर्षाचं मिडवाइफरी प्रशिक्षण सुरू झालं. २०१८ मध्ये केंद्रानंही मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२४ च्या कॉक्रन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) १७ चाचण्या आणि १८,५०० हून अधिक बायका होत्या. गरोदरपणापासून ओळखीच्याच मिडवाइफ सोबत राहिल्या, तिथं सिझेरियन कमी झाली. या चाचण्या बहुतांशी ऑस्ट्रेलिया, ब्रिटन अशा श्रीमंत देशांतल्या, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इथं लावता येणार नाहीत. आणि दीड वर्ष शिकवून तयार केलेल्या सिस्टरची बदली उद्या सर्जिकल वॉर्डात झाली, तर त्या प्रशिक्षणाचा प्रसूतिकक्षाला काहीच उपयोग नाही.