जांगड (व्यापारपद्धती)

पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत करायचा, अशा बोलीवर पैसे न देता नेलेला माल म्हणजे जांगड माल. हा शब्द मराठी आणि गुजराती अशा दोन्ही बाजारांत चालतो. गिऱ्हाईक दुकानातून माल जांगड नेते, तसाच एक व्यापारी आपल्याच धंद्यातल्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडूनही नेतो. पहिला प्रकार घरोघरी माहीत आहे. दुसऱ्यात प्रतिस्पर्धीच एकमेकांचे गोदाम बनतात, आणि सराफी व हिऱ्यांचा धंदा बऱ्याच अंशी त्यावर चालतो.

घरगुती प्रकार आता कमी झाला. पूर्वी लग्न ठरले की ओळखीच्या कापडदुकानातून दहा-बारा साड्या घरी यायच्या. दुकानापर्यंत जाऊ न शकणारी आजी पलंगावर बसून पदर चाचपायची, चार ठेवून घ्यायची, बाकीच्या दुसऱ्या दिवशी परत जायच्या. दुकानदार जांगडवहीत नावापुढे नग मांडायचा आणि परत आलेल्या नगावर रेघ ओढायचा. घडी मोडलेली साडी मात्र परत घेत नसत.

व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या जांगड व्यवहाराचे कारण भांडवलात आहे. हिऱ्याचा भाव वजन, रंग, स्वच्छता आणि घाट अशा चार गोष्टींवर ठरतो. १ कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्याचे १०० सेंट, आणि दोन-चार सेंटच्या फरकानेही भाव हलतो. या चारींची सगळी जुळणी एका पेढीने तिजोरीत ठेवायची म्हटले तर कितीही पैसा अपुराच. त्यामुळे प्रत्येक जण थोडा माल स्वतःचा ठेवतो आणि बाजारातला बाकीचा माल मागून आणता येईल या हिशेबाने धंदा करतो.

सराफाच्या गल्लीत हे उघड्या डोळ्यांनी दिसते. गिऱ्हाइकाला कानांतल्या जोडीसाठी अर्ध्या कॅरटचे दोन एकसारखे हिरे हवे असतात, आणि दुकानात त्या रंगाचा एकच असतो. मालक म्हणतो, “बसा, चहा घ्या, गोदामातून मागवतो.” पोऱ्या जिना उतरतो आणि समोरच्या दुकानात शिरतो. हेच ते गोदाम. चहा संपायच्या आत तो घडीच्या कागदाची पुडी घेऊन परततो. त्या समोरच्या मालकाशी सकाळीच याच गिऱ्हाइकावरून चुरस झालेली असू शकते, तरी पुडी येते, कारण उद्या त्याचाही पोऱ्या इकडे यायचा असतो. यात एक न लिहिलेला दंडक आहे: माल देणाऱ्याने गिऱ्हाइकाचे नाव विचारायचे नाही आणि घेणाऱ्याने माल कोणाचा ते सांगायचे नाही. भाव देणारा आपला सांगतो. वर किती चढवायचे हे घेणाऱ्याने ठरवायचे.

माल देताना जांगड चिठ्ठी फाडतात. तीत नग, वजन, भाव, तारीख आणि घेणाऱ्याची सही असते. छापील चिठ्ठीवर बहुधा असा मजकूर असतो: माल केवळ दाखवण्यासाठी दिला आहे, मालकी आमचीच आहे, परवानगीवाचून विकण्याचा वा गहाण ठेवण्याचा अधिकार नाही, मागताक्षणी परत करावा. ओळख जुनी असेल तर चिठ्ठीचा आग्रह ढिला पडतो, आणि घोटाळे बहुधा तिथेच होतात.

मोठ्या बाजारात मध्ये दलाल येतो. दहा पेढ्यांत कोणाकडे काय पडून आहे हे त्याच्या डोक्यात असते. स्पर्धक एकमेकांना जे थेट विचारणार नाहीत ते त्याच्यामार्फत विचारले जाते. त्याची खरी पुंजी तोंड बंद ठेवण्यात आहे.

मुंबईत हा व्यवहार आधी झवेरी बाजारात आणि नंतर ऑपेरा हाउसच्या पंचरत्न व प्रसाद चेंबर्स या इमारतींभोवती वाढला. तिथे सौदे कार्यालयांत होत तसे खाली फुटपाथवरही होत. कागदाची पुडी उलगडून उजेडात धरलेला माणूस हे त्या रस्त्याचे नेहमीचे दृश्य होते. वांद्रे-कुर्ला संकुलातला भारत डायमंड बोर्स, म्हणजे हिरेव्यापाऱ्यांचा एकत्र बाजार, २०१० मध्ये सुरू झाला तरी सगळ्यांचे पाय तिकडे लगेच वळले नाहीत. १३ जुलै २०११ च्या बॉम्बस्फोटांत ऑपेरा हाउस आणि झवेरी बाजार ही दोन्ही ठिकाणे लक्ष्य झाली, त्यानंतर स्थलांतराला वेग आला. डिसेंबर २०२३ मध्ये सुरतेतही अशाच एका बोर्सच्या प्रचंड इमारतीचे उद्‌घाटन झाले. नव्या जागी जायला व्यापारी बिचकतात त्याचे एक कारण जांगड व्यवहारात सापडते. कार्यालय कितीही ऐसपैस असो, शेजारी प्रतिस्पर्धी नसेल तर पुडी आणायची कुठून?

कायद्यात ‘जांगड’ शब्द नसला तरी वस्तुविक्री अधिनियम, १९३० चे कलम २४ पसंतीवर दिलेल्या मालाविषयी आहे. घेणाऱ्याने पसंती कळवली, पसंती दिसेल असे काही केले किंवा मुदत उलटूनही नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर मालकी त्याच्याकडे जाते. मुदत ठरलेली नसेल तर वाजवी काळ धरतात. चिठ्ठीवरचा ‘मालकी आमचीच’ हा मजकूर येथे कामी येतो. जांगड नेलेला माल परस्पर गहाण टाकला, तर ते नुसते देणे बुडवणे की विश्वासघाताचा गुन्हा, हा वाद चिठ्ठीच्या शब्दांवर बराच अवलंबून असतो. वस्तू व सेवा करात असा माल बीजकाशिवाय, नुसत्या चलनावर (माल पाठवल्याच्या कागदावर) नेता येतो; विक्री पक्की होताच, किंवा माल नेल्यापासून सहा महिन्यांत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बीजक करावे लागते.

जांगड माल पुढे पुन्हा जांगड दिला जातो, आणि एक पुडी तीन-चार हात फिरते. त्यातल्या एकाने हात वर केले की मागचे सगळे अडकतात. वऱ्हाडात गुंत्याला जांगडगुत्ता म्हणतात. अशा वेळी तो शब्द नेमका बसतो. पोलिसांकडे जाण्याआधी बाजारातलीच वडीलधारी मंडळी बसून तोड काढू पाहतात, बोर्समध्ये लवाद असतो. निकाल काय लागायचा तो लागो, पण त्या माणसाला पुढे कोणी पुडी देत नाही. गिऱ्हाइके आणि दुकान शाबूत असूनही अशा माणसाचा धंदा बसतो.

आता हिऱ्यांसोबत प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र असते आणि पेढ्यांच्या मालाच्या याद्या मोबाइलवर फिरतात. त्यामुळे शोधाशोध कमी झाली. तरी एकाच रंगाचे म्हणून प्रमाणित झालेले दोन हिरे शेजारी ठेवल्यावर वेगळे दिसू शकतात. जोडी जुळवायची तर दोन्ही एकाच उजेडात, एकाच कागदावर ठेवून पाहावे लागतात, आणि त्यासाठी दुसरा हिरा समोरच्या दुकानातून जांगड आणावा लागतो.