नाइट ऑफ द लिव्हिंग डेड (चित्रपट, १९६८)

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहरात जाहिरातपट बनवणाऱ्या तरुणांनी सुमारे १,१४,००० डॉलरांत उभा केलेला कृष्णधवल भयपट. दिग्दर्शन जॉर्ज ए. रोमेरो, पटकथा जॉन रूसो आणि रोमेरो, निर्माते रसेल स्ट्रायनर आणि कार्ल हार्डमन. लांबी ९६ मिनिटे. पहिला खेळ १ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गच्या फुल्टन थिएटरात झाला. मेल्यावर उठलेले, संथ चालणारे, झुंडीने येऊन माणसाचे मांस खाणारे आणि डोक्यावर घाव बसल्याशिवाय न थांबणारे मुडदे आज सगळ्या जगाला ठाऊक आहेत. त्यांची घडण याच चित्रपटाने केली.

कथानक

बार्बरा आणि तिचा भाऊ जॉनी वडिलांच्या थडग्यावर पुष्पचक्र ठेवायला गावाबाहेरच्या दफनभूमीत येतात. तिथे एक फिकट माणूस बार्बरावर झडप घालतो. झटापटीत जॉनीचे डोके दगडावर आपटते आणि बार्बरा पळत सुटून एका ओसाड शेतघरात शिरते. मागोमाग बेन (ड्वेन जोन्स) येतो आणि दारेखिडक्यांवर फळ्या ठोकू लागतो. तळघरात आधीच काही जण लपलेले असतात : हॅरी आणि हेलन कूपर, चावा बसून तापाने पडलेली त्यांची मुलगी कॅरन आणि टॉम व ज्युडी हे तरुण जोडपे.

पुढचा सगळा संघर्ष एकाच प्रश्नावर चालतो : वर राहून लढायचे की तळघराला आतून कडी घालायची? हॅरी तळघराचा हट्ट धरतो. बेनला तळघर म्हणजे सापळा वाटतो. पेट्रोल भरून ट्रकने निसटण्याचा बेत आगीत संपतो आणि टॉम-ज्युडी होरपळून मरतात. रात्री मुडदे घरात घुसतात. कॅरन बापाचे मांस खाते, आईला बागेतल्या खुरप्याने भोसकते. शेवटी बेन ज्या तळघराला नावे ठेवत होता त्यातच शिरतो आणि त्यामुळेच वाचतो. सकाळी शेरीफची बंदूकधारी टोळी येते, खिडकीत हललेल्या सावलीवर गोळी झाडते आणि बेन मरतो. भित्रा, आपमतलबी हॅरी बरोबर ठरतो आणि शूर बेन चुकतो. या चित्रपटाचा खरा कठोरपणा इथे आहे. मांस खाण्याची दृश्ये त्यामानाने सौम्यच म्हणायची.

निर्मिती

रोमेरो आणि सहकारी पिट्सबर्गमध्ये 'लेटंट इमेज' ही जाहिरातपटांची कंपनी चालवत होते. चित्रपटासाठी दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घातले आणि त्यावरून नव्या संस्थेचे नाव 'इमेज टेन' पडले. एवढ्या ६,००० डॉलरांत काम सुरू झाले आणि बाकीचे भांडवल पुढे जमत गेले. जून ते डिसेंबर १९६७ या काळात, जाहिरातींची कामे सांभाळत, ३५ मिमी फिल्मवर चित्रीकरण झाले.

रंगीत फिल्म परवडणारी नव्हती. पण कृष्णधवल फिल्मवर रक्त म्हणून चॉकलेट सिरप चालते : दाट, गडद आणि त्वचेवरून खऱ्या रक्तासारखे सावकाश ओघळणारे. रंगीत फिल्मवर तेच तपकिरी दिसून सगळा डाव उघडा पडला असता. मांस खाण्याच्या दृश्यांसाठी भाजलेले हॅम आणि जनावरांची आतडी वापरली. ती गुंतवणूकदारांपैकीच एका खाटकाकडून आली. रंगभूषा मॅरिलिन ईस्टमन यांनी केली, त्याच हेलन कूपरच्या भूमिकेतही आहेत. जखमा आणि सडलेली कातडी यांसाठी प्रेते सजवणारे लोक वापरतात ते मेण घेतले. कथेत नुकतेच मेलेले लोकच उठतात, ही अट खर्चाच्या दृष्टीने फार सोयीची ठरली. बहुतेक मुडद्यांना फिकट चेहरा, डोळ्यांभोवती काळोखी आणि घरातलेच कपडे पुरले. भीतीही त्यातूनच वाढली, कारण समोर येणारा राक्षस म्हणजे कालपर्यंत ओळखीचा असलेला शेजारी आहे.

शेतघर आणि दफनभूमी पिट्सबर्गच्या उत्तरेला इव्हान्स सिटी या गावाजवळ सापडली. घर पाडायचेच ठरले होते, म्हणून भिंतींत खिळे ठोकायला आणि खिडक्या फोडायला कोणाची हरकत नव्हती. घरात नळाचे पाणी नव्हते आणि तळघर चित्रीकरणाला निरुपयोगी होते. त्यामुळे तळघरातले प्रसंग शहरात, लेटंट इमेजच्या इमारतीच्या तळघरात घेतले. दार शेतघरात आणि खालची खोली शहरात, ही फट संकलनात बुजवली. दफनभूमीतली मोटार स्ट्रायनर यांच्या आईची होती. चित्रीकरणाच्या दोन दिवसांमध्ये तिला कुठेतरी ठोकर बसून पोचा पडला. मग बार्बरा गाडी उतारावरून सोडते आणि ती झाडाला घासते, असा प्रसंग लिहून पोच्याचे कारण कथेतच देऊन टाकले.

पात्रयोजनेतही हाच काटकसरीचा हिशेब दिसतो. हॅरी कूपर स्वतः हार्डमन, कॅरन म्हणजे त्यांचीच मुलगी कायरा शॉन, जॉनी म्हणजे निर्माते स्ट्रायनर. पटकथाकार रूसो यांनी मुडदा बनून अंगाला आग लावून घेतली. बिल कार्डिल हे पिट्सबर्गच्या दूरचित्रवाणीवर भयपटांचा कार्यक्रम सादर करणारे ओळखीचे गृहस्थ बातमीदार म्हणून दिसतात, त्यामुळे बातम्यांचे तुकडे अस्सल वाटतात. संगीत नव्याने करून घेतलेले नाही; कॅपिटल कंपनीच्या तयार संगीतसंग्रहातून निवडले आहे. कॅरन आईला मारते त्या प्रसंगात किंकाळीवर प्रतिध्वनी चढवत नेला आहे. ध्वनीचे हे काम हार्डमन आणि ईस्टमन यांच्या स्वतःच्या स्टुडिओतले. त्या प्रसंगात घाव फारसे दिसत नाहीत, अंगावर काटा येतो तो आवाजाने.

बेनची भूमिका लिहिताना त्याच्या वर्णाचा विचार झालेला नव्हता. निवडचाचणीत जोन्स हे कृष्णवर्णीय अभिनेते सर्वांत सरस ठरले, म्हणून त्यांना घेतले. मुळात बेन हा रांगडा ट्रकचालक होता. जोन्स यांनी त्याचे बोलणे बदलून त्याला संयमी, विचारी माणूस केले. संवादांत त्याच्या काळेपणाचा उल्लेख एकदाही येत नाही. तयार प्रत घेऊन निर्माते न्यूयॉर्कला निघाले असताना, ४ एप्रिल १९६८ च्या रात्री, गाडीतल्या रेडिओवर त्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी ऐकली. गोऱ्या बंदूकधाऱ्यांनी काळ्या नायकाला गोळी घालणे आणि आकडीने ओढून त्याचे प्रेत चितेवर टाकणे, तेही वर्तमानपत्री छायाचित्रांसारख्या भरड, स्थिर चौकटींत, या शेवटाकडे त्यानंतर साधा कथेचा शेवट म्हणून पाहणे शक्यच राहिले नाही.

हक्क कसे गेले

चित्रपट रंगीत नाही म्हणून कोलंबिया या चित्रपट कंपनीने नाकारला. अमेरिकन इंटरनॅशनलला शेवट गोड करून हवा होता. रोमेरोंनी तो बदलला नाही. अखेर वॉल्टर रीड कंपनीने वितरण घेतले. तेव्हा नाव होते 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'. त्याच्याशी मिळतेजुळते नाव असलेला एक चित्रपट आधीच येऊन गेल्याने ते बदलावे लागले. इथे घोटाळा झाला. प्रताधिकाराची सूचना सुरुवातीला पडद्यावर येणाऱ्या नावाच्या पाटीवरच होती. वितरकाने जुनी पाटी काढून नवी लावली आणि नवीवर ती सूचना घालायची राहिली. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार सूचनेशिवाय प्रसिद्ध झालेली कृती सार्वजनिक मालकीची होत असे. एका पाटीमुळे निर्मात्यांचे उत्पन्न बुडाले, पण चित्रपट कुणालाही दाखवायला मोकळा झाला. मध्यरात्रीचे खेळ, स्थानिक वाहिन्या आणि पुढे व्हिडिओ कॅसेट विकणारे छोटे व्यापारी यांनी तो सर्वदूर नेला.

प्रभाव

अमेरिकेत चित्रपटांच्या वयोगटांची वर्गवारी १ नोव्हेंबर १९६८ ला लागू झाली, म्हणजे पहिल्या खेळानंतर महिन्याभराने. त्यामुळे दुपारच्या खेळांना लहान मुले सर्रास बसत. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी अशाच एका खेळात भेदरून रडणाऱ्या मुलांचे वर्णन केले आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९७० मध्ये चित्रपट दाखवला, आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

या चित्रपटाआधी पडद्यावरचा झॉम्बी, म्हणजे उठलेला मुडदा, हैतीच्या लोकसमजुतीतून आलेला, मांत्रिकाच्या हुकमावर राबणारा गुलाम होता. रोमेरोंनी मांत्रिक काढून टाकला आणि मुडद्यांना फक्त भूक दिली. उठण्यामागचे कारण म्हणून शुक्रावरून परतणाऱ्या यानाच्या किरणोत्साराचा तर्क बातम्यांत येतो, पण तो सिद्ध होत नाही. कथेची कल्पना सुचण्यात रिचर्ड मॅथसन यांच्या १९५४ च्या 'आय अ‍ॅम लेजंड' कादंबरीचा वाटा होता, हे रोमेरो मोकळेपणाने मान्य करत. चाव्यातून येणारे मरण, बंद घर, आतल्या माणसांचे भांडण हे नियम पुढच्या बहुतेकांनी उचलले. मेंदू खाण्याची सवय मात्र इथली नव्हे, ती १९८५ च्या 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड'मुळे रूढ झाली. धावणारेही रोमेरोंचे नव्हेत. त्यांनी स्वतः १९७८ च्या 'डॉन ऑफ द डेड'मध्ये मुडद्यांना पिट्सबर्गजवळच्या मन्रोव्हिलच्या खरेदी-मॉलमध्ये नेले, आणि ही मालिका २००९ पर्यंत चालू ठेवली.

हीच रीत भारतात २०१३ च्या 'गो गोवा गॉन'मध्ये गोव्याच्या बेटावरच्या पार्टीत आली. मराठीत आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' (२०२२) डोंबिवलीतला टोलेजंग गृहप्रकल्प आणि शेजारची झोपडपट्टी समोरासमोर आणतो. मुडद्यांइतकेच जिवंत माणसांच्या वागण्याकडे पाहणे हा त्यातला धागा थेट रोमेरोंकडून आलेला आहे.

आज चित्रपट पाहायचा तर प्रत निवडून घ्यावी. हक्क मोकळे असल्याने प्रतींच्या प्रती विकल्या गेल्या. त्यांत काळोख एकजीव होऊन तळघरातले चेहरे हरवतात आणि आवाज घोगरा होतो. १९८६ ची रंगवलेली आवृत्ती टाळावी. तिसाव्या वर्षानिमित्त रूसो यांनी नवे प्रसंग घालून काढलेली आवृत्तीही टाळावी, कारण तिच्यात मूळची लय उरलेली नाही. आधुनिक कला संग्रहालय आणि फिल्म फाउंडेशन यांनी मूळ निगेटिव्हवरून ४के दर्जात केलेले जतन २०१६ मध्ये प्रथम दाखवले गेले. क्रायटेरियन या चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या कंपनीने ते २०१८ मध्ये बाजारात आणले. तीच प्रत घ्यावी.