अल्जियर्स १५४१: वादळाच्या आधीच फसलेली स्वारी

ऑक्टोबर १५४१मध्ये स्पेनचा राजा आणि सम्राट पाचवा चार्ल्स सुमारे ५०० जहाजं आणि जवळपास २४ हजार सैनिक घेऊन उत्तर आफ्रिकेतल्या अल्जियर्सवर चालून गेला आणि दाणादाण उडून परतला. या पराभवाचं खापर बहुतेक वेळा वादळावर फोडलं जातं. मला ते पटत नाही.

मुळात हे बंदर स्पेनच्या डोळ्यात १५१६पासून सलत होतं. त्या साली उरुज बार्बारोसा या चाच्याने शहर घेतलं. त्याच्यामागे त्याचा धाकटा भाऊ खैरुद्दीन याने ऑटोमन सुलतानाचं छत्र मिळवलं. बंदरासमोरच्या बेटावरचा स्पॅनिश किल्ला त्याने १५२९मध्ये जिंकला आणि बेटं किनाऱ्याला जोडणारा धक्का बांधून घेतला. आता गलबतांना हक्काचा आसरा मिळाला. स्पेन-इटलीच्या किनाऱ्यांवर धाडी पडू लागल्या, पकडून आणलेली माणसं गुलाम म्हणून विकली जाऊ लागली.

१५३५च्या उन्हाळ्यात ट्यूनिस जिंकल्याने चार्ल्सचा आत्मविश्वास वाढला होता. पण १५४१चा उन्हाळा जर्मनीतल्या धार्मिक वाटाघाटींत गेला आणि ताफा निघेपर्यंत शरद ऋतू लागला. या दिवसांत तो किनारा धोक्याचा, असं आंद्रेआ डोरिया या मुरब्बी जेनोवी दर्यासारंगाने बजावलं होतं. सम्राटाने ऐकलं नाही.

२३ ऑक्टोबरला फौज उतरू लागली. तंबू, अन्नसाठा, बरीचशी तोफसामग्री अजून जहाजांवरच होती, तोच २४च्या रात्री पाऊस आणि वारा सुटला. बंदुकीची दारू भिजली, ती पेटवायचे तोडे विझले, बंदुका निकामी झाल्या. खैरुद्दीनचा कारभारी हसन आगा याची माणसं शहरातून बाहेर पडून तुटून पडली. भिजल्या बंदुकांपुढे त्यांची धनुष्यं भारी ठरली. चार्ल्सच्या बाजूने लढणाऱ्या माल्टाच्या सरदारांनी त्यांना वेशीपर्यंत मागे रेटलं. सावीन्याक नावाच्या त्यांच्या निशाणदाराने बाब अझूनच्या बंद दरवाजात खंजीर रोवला, असं सांगतात. शौर्य खरंच, पण दरवाजा काही उघडला नाही.

तिकडे दीडशेच्या आसपास जहाजं फुटली. उपाशी फौज घोडे मारून खात, पुराने फुगलेले ओढे ओलांडत मातिफू भूशिराकडे हटली. उरलेल्या जहाजांत माणसं मावेनात, म्हणून उमदे घोडे समुद्रात ढकलावे लागले. मेक्सिको जिंकणारा एर्नान कोर्तेस याच मोहिमेत होता. थांबू द्या, शहर घेऊन दाखवतो, असं त्याचं म्हणणं होतं. युद्धमंडळात त्याला बोलावलंसुद्धा नाही.

शेवटी अल्जियर्स पडलं ते १८३० साली, फ्रेंचांच्या हाती. त्यांची फौज शहराच्या पश्चिमेला सिदी फेरूशला उतरली, तीही जून महिन्यात.