‘संगत वाईट’ म्हणून भागत नाही

दापोली असो वा वेंगुर्ला, एक समज सगळीकडे सापडतो: पोर गोळ्यांच्या नादी लागतं ते वाईट संगतीनं, आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळीची कुठे नशा होते?

होते. चिंता-झोपेसाठीचं अल्प्राझोलाम, वेदनाशामक ट्रामाडोल, खोकल्याच्या औषधातलं कोडीन या सगळ्यांची सवय लागते. म्हणून तर २०१४ पासून ही औषधं सरकारच्या ‘एच-१’ यादीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या आणि विक्रीची नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांत आहेत. दुकानदाराला डॉक्टर, रुग्ण आणि मात्रा वहीत टिपून ती ३ वर्षं ठेवावी लागते. आजीच्या झोपेच्या गोळ्यांची वही मात्र कुणाच्याच घरात नसते.

संगतीचा वाटा असतो, पण मूळ बरेचदा घरात सापडतं. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, प्रौढांना बालपणाबद्दल विचारून केलेल्या अभ्यासात मारहाण, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष, घरातलं व्यसन अशा प्रकारांपैकी ५ किंवा जास्त भोगलेल्यांत अमली पदार्थांची समस्या, यातलं काहीच न भोगलेल्यांच्या ७ ते १० पट आढळली. अर्थात मार खाल्लेलं प्रत्येक मूल व्यसनी होत नाही.

गोळ्या मोजून कुलपात ठेवा. पोराकडे सापडल्या तर झोडपू नका. त्यानं लपवाछपवी तेवढी वाढते. अल्प्राझोलाम रोज घेत असेल तर एकदम तोडू नका, फिट येऊ शकते. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. फोनवर सल्ल्यासाठी १४४१६ ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, घरात मुलावर अत्याचार होत असेल तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन.