साक्षर परिसर

माणसाच्या रोजच्या वावरात, शिकण्याचा हेतू नसतानाही डोळ्यांसमोर येणारा लिखित मजकूर म्हणजे साक्षर परिसर. दुकानांच्या पाट्या, बसवरचे फलक, वीजबिल, लग्नपत्रिका, पंचांग, वाचनालयातले वर्तमानपत्र हे सगळे त्यात येते. प्रौढ शिक्षणात त्याचे खरे महत्त्व वर्ग संपल्यावर कळते. मोठेपणी शिकलेली अक्षरे वापरात राहिली नाहीत तर पुसट होत जातात, आणि संसाराच्या धबडग्यात सरावासाठी म्हणून वही घेऊन बसणारे थोडेच.

वर्गाशिवायही लिपी शिकता येते. लायबेरियातील वाई लोक आपली स्वतंत्र लिपी शाळेबाहेर, ओळखीच्या माणसाकडून शिकतात आणि पत्रे व हिशेब लिहिण्यासाठी वापरतात. सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल यांनी १९८१ मध्ये याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. लिपी तेथे टिकली, कारण तिच्यावाचून कामे अडत होती.

बडोदे संस्थानाने ही बाब फार लवकर ओळखली. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले. पण शाळा सोडलेल्या मुलाने गावात वाचायचे काय? १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानाने मध्यवर्ती ग्रंथालय आणि त्याला जोडलेली ग्रामवाचनालये उभारायला घेतली. गावोगावी वाचनालये काढणारे मोतीभाई अमीन यांचे काम त्याआधीपासून चालू होतेच. बॉर्डन यांच्या नावापुढे ते अनेकदा झाकले जाते. गावाने वर्गणी जमवली की संस्थान आणि स्थानिक मंडळ आपापला वाटा घालत. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरत. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रे आणि चलच्चित्रेही दाखवली जात. सयाजी साहित्यमालेतून मराठी व गुजराती ग्रंथ निघाले. तरी पेटीतले पुस्तक नवसाक्षराला झेपेलच असे नाही. त्याला मोठा टाईप आणि ओळखीचा विषय लागतो, आणि विद्वानांच्या हौसेने निवडलेल्या ग्रंथांत नेमके तेच कमी पडते.

बडोद्याच्या मराठी भाषकांची स्थिती आणखी वेगळी आहे. घरातली पोथी, पंचांग आणि लग्नपत्रिका देवनागरीत, तर रस्त्यावरच्या पाट्या बहुतांशी गुजरातीत. दांडिया बाजारात राहणारी एखादी आजी देवनागरी नव्याने शिकली, तर दाराबाहेर तिला निम्मीच मदत मिळते. गुजराती लिपीला शिरोरेखा नसते. ग, त, न, म, प, स ही अक्षरे रेघ मनाने ओढून घेतली की ओळखू येतात. क, ज, ख, ल मात्र वेगळे शिकावे लागतात, आणि 'र' तर देवनागरी २ सारखा दिसतो. आकडे बरेचसे सारखे असल्याने बसचा क्रमांक आणि भाजीचा भाव आधी जमतो. हिंदी फलकांमुळे देवनागरीचा सराव अधूनमधून होतो, इतकेच.

पडद्यावरचा मजकूरही आता या परिसराचा भाग आहे. अहमदाबादेत संशोधक ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून गाण्यांखाली त्याच भाषेतल्या ओळी दाखवण्याची कल्पना मांडली, आणि पुढे ती दूरदर्शनवरच्या 'चित्रहार'मध्ये वापरली गेली. गाणे पाठ असते, त्यामुळे पुढचा शब्द कोणता हे आधीच ठाऊक असते आणि डोळा तो अक्षरांत शोधतो. मोबाइलचे तसे नाही. त्यावर मजकूर भरपूर येतो, पण बोललेला निरोप पाठवण्याची सोय असल्याने वाचण्यावाचून अडत नाही, शिवाय बरीच मराठी रोमन अक्षरांत लिहिलेली असते.