शेततळ्यातल्या ‘विषारी किड्या’चा मुखवटा

शेततळ्यात विषारी किडा आहे, बैलांना ते पाणी पाजू नका, अशा मेसेजसोबत फिरणारा फोटो बहुतेकदा चतुराच्या (ड्रॅगनफ्लायच्या) अळीचा असतो. तिला नांगी नाही, विषही नाही.

अळी कोणत्या चतुराची, हे रंगावरून ठरवू नये. गाळ-शेवाळाने रंग पालटतो, कात टाकल्यावर ती फिकट दिसते. शेपटाला पानासारख्या तीन पट्ट्या असतील तर ती टाचणीची, म्हणजे चतुराच्या सडपातळ भाईबंदाची अळी. चतुराला तिथे आखूड टोकदार काटे असतात. पंखांच्या पिशव्या पोटाच्या चौथ्या खंडापर्यंत पोचलेलीच अळी घ्या. ओळखीसाठी पुढे ओठातले केस मोजायचे आहेत; लहान अळ्यांचे ते कमी भरतात आणि सगळी मोजणी फसते.

खरी ओळख पटते मुखवट्यावरून, म्हणजे डोक्याखाली दुमडलेल्या खालच्या ओठावरून. स्नायू त्यातली लवचीक कवचं ताणून धरतात, अडसर सुटला की ओठ सेकंदाच्या काही शतांशांत पुढे झेपावतो. तो सपाट असेल तर गोम्फिडी किंवा एश्निडी कुळ; गोम्फिडीच्या मिशांना चारच खंड. पळीसारखा खोलगट आणि आत केसांच्या रांगा असतील, तर आपल्याकडे बहुधा लिबेल्युलिडी कुळ. दहापट भिंगाखाली दोन्ही बाजूंचे केस मोजा. केस तुटला तरी त्याची खोबण राहते, तीही धरा.

पावसाळ्यात थव्याने घिरट्या घालणारा पिवळसर चतुर म्हणजे पँटाला फ्लॅव्हेसेन्स. त्याची अळी उबदार पाण्यात दीड-दोन महिन्यांत वाढते, म्हणून आटणारी बोडी (छोटं तळं) किंवा धानाची बांधीही तिला पुरते. आठव्या-नवव्या खंडाच्या कडेला लांब काटे, पाठीवर आकडीसारखे वाकडे काटे नाहीत. ट्रॅमिया या दुसऱ्या चतुराची अळीही अशीच दिसते, फरक शेपटाशी. पँटालाचा वरचा मधला काटा बाजूच्या दोन काट्यांएवढा किंवा लांब, ट्रॅमियाचा आखूड.

या अळ्या डासांच्या अळ्या खातात हे खरं. पण त्या पाण्यात सोडून डेंग्यू हटवू म्हणणाऱ्यांनी आधी घरचा कूलर रिकामा करावा. डेंग्यूचा डास तिथे वाढतो, चतुर नाही.

काठच्या गवताला चिकटलेली कात चालते, पण वाळलेला मुखवटा ओढला की केस तुटतात. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून ती मऊ होईस्तोवर भिजवा, मग सुईने उघडा. शंका उरलीच तर अळी पाळा. एका बरणीत एकच, दोन ठेवल्या तर एकीला दुसरी खाते. पाण्याबाहेर येणारी काडी उभी करा, तोंडाला जाळी बांधा. बाहेर पडलेल्या चतुराचा रंग भरायला काही दिवस लागतात, तोवर सोडू नका. कात मात्र बरणीचाच क्रमांक घातलेल्या डबीत, तारीख-ठिकाण पेन्सिलीने लिहून. नमुना टिकवायला अल्कोहोल वापरलं तर त्यात शाई उतरते.