सीएफ असलेल्या मुलाच्या सायनसचं ऑपरेशन : निर्णयामागचा इतिहास

सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे सीएफ, हा अंगातला श्लेष्मा घट्ट करणारा आनुवंशिक आजार असलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाचा सायनसचा सीटी काढला तर रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा एकच मजकूर येतो. गालांमागचे दोन्ही मॅक्सिलरी सायनस (हाडातल्या पोकळ्या) पूर्ण भरलेले, डोळ्यांच्या मधले इथमॉइड भरलेले, नाकाची बाजूची भिंत आत ढकललेली, कपाळातले फ्रंटल सायनस धड तयारच झालेले नाहीत. दुसऱ्या कुठल्या मुलाचा असा रिपोर्ट आला असता तर ईएनटी डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय काढला असता. सीएफमध्ये मात्र जवळजवळ प्रत्येक मुलाचा स्कॅन असाच दिसतो आणि त्यातली बरीचशी मुलं नाकाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. जन्मापासून नाक तसंच असल्याने मोकळं नाक कसं असतं हे त्यांना ठाऊकच नसतं. मग ऑपरेशन कोणाचं करायचं? या प्रश्नाचं उत्तर गेल्या साठ-पासष्ट वर्षांत तीनदा बदललं. आज पालकांना दोन डॉक्टरांकडून दोन मतं ऐकू येतात त्यामागे बऱ्याचदा हे वेगवेगळे काळ असतात.

न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ साली हा आजार वेगळा ओळखला तेव्हा त्याचं नाव होतं 'स्वादुपिंडाचा सिस्टिक फायब्रोसिस'. बहुतेक मुलं शाळेत जायच्या वयापर्यंतही जगत नसत, त्यामुळे नाकाकडे बघायला कोणाला सवड नव्हती. १९४८च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा उष्माघाताने दाखल झालेल्या बाळांत ही मुलं फार दिसली. त्या धाग्यावरून पुढे पॉल दी सांत'आन्येझे यांनी १९५३मध्ये दाखवलं की या मुलांच्या घामात मीठ जास्त असतं. कपाळाचा मुका घेतला की खारट लागणारं लेकरू जगत नाही, अशी समजूत युरोपात पूर्वापार होती. तिचा अर्थ प्रयोगशाळेत लागला तो असा. १९५९मध्ये गिब्सन आणि कुक यांनी पायलोकार्पिन हे घाम आणणारं औषध वापरून घाम गोळा करायची पद्धत दिली आणि निदान सोपं झालं. सीएफच्या मुलांत नाकातले पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तराच्या लोंबणाऱ्या मऊ गाठी, फार दिसतात, ही नोंदही १९५९चीच.

या दोन गोष्टींतून जो नियम निघाला तो आजही कायम आहे : लहान मुलाच्या नाकात पॉलिप दिसला की आधी घामाची तपासणी, मग बाकीचं. आपल्याकडे तो पाळला जातोच असं नाही. भारतातून सीएफच्या पहिल्या नोंदी १९६८च्या सुमारास आल्या, पण नंतरही कितीतरी वर्षं हा 'गोऱ्यांचा आजार' म्हणून बाजूला पडला. सततचा खोकला म्हणजे टीबी किंवा दमा, आणि बंद नाक म्हणजे 'नाकात मांस वाढलंय', एवढ्यावर गाडी थांबते. पॉलिप काढला जातो, वर्षभरात पुन्हा येतो, पुन्हा काढला जातो, आणि घाम कोणी तपासत नाही.

तपासणी करताना दोन गोष्टी बघाव्यात. हाताच्या त्वचेवर पायलोकार्पिन लावून सौम्य विद्युतप्रवाह देतात आणि ३० मिनिटं घाम गोळा करतात. क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा जास्त आलं तर सीएफ, ३० ते ५९ आलं तर संशयित, ३०च्या खाली आलं तर शक्यता कमी. गॉझवर घाम घेतला असेल तर तो किमान ७५ मिलिग्रॅम हवा, गुंडाळीच्या नळीत घेतला असेल तर १५ मायक्रोलिटर. घाम कमी पडला तर आकडा सांगूच नये, तपासणी पुन्हा करावी. गोळा केलेला घाम उघडा राहून सुकला तर आकडा खोटा वाढतो. कुपोषणाने अंगावर सूज असलेल्या बाळात तो खोटा कमी येतो. आणि पॉलिप एकाच नाकपुडीत असेल तर चिमटा लावण्याआधी स्कॅन हवाच, कारण तिथे लोंबणारी गाठ मेंदूच्या आवरणाची निघू शकते.

पॉलिप का होतो, याचं कोडं १९८९मध्ये सुटलं. लॅप-ची त्सुई, फ्रान्सिस कॉलिन्स आणि जॉन रिऑर्डन यांच्या गटांनी सातव्या गुणसूत्रावर सीएफटीआर जनुक शोधून काढलं. हे जनुक पेशीच्या पडद्यातल्या क्लोराइड आणि बायकार्बोनेटच्या वाटेचं काम सांभाळतं. वाट बंद पडली की श्लेष्मा गोंदासारखा घट्ट होतो, सायनसच्या बारीक तोंडाशी अडकतो, मागे जंतू साठतात. अॅलर्जीच्या पॉलिपमध्ये इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भरलेल्या असतात, सीएफच्या पॉलिपमध्ये बहुतांशी न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या. म्हणूनच अॅलर्जीच्या रुग्णाला स्टेरॉइडच्या फवाऱ्याने जो आराम पडतो तो इथे तितका पडत नाही, आणि अँटिहिस्टामिनच्या गोळ्या तर आधीच घट्ट असलेला शेंबूड आणखी सुकवतात.

ऑपरेशनाचं तंत्र याच्या समांतर बदलत होतं; पहिलं वळण त्यातूनच आलं. जुन्या काळी दोनच मार्ग होते. तारेच्या फासाने पॉलिप ओढून काढायचा, किंवा वरच्या ओठाखाली छेद देऊन गालाच्या हाडातून सायनसमध्ये शिरायचं. ही दुसरी कॉल्डवेल-ल्यूक पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. तिथेच पक्क्या दातांचे अंकुर असतात, म्हणून ती लहान मुलाला बाधायची. फासाने नुसता पॉलिप काढला तर मूळ इथमॉइडच्या कप्प्यांत तसंच राहतं आणि तो परत येतो. हॉपकिन्स यांच्या काचकांडीच्या दुर्बिणीमुळे ग्राझच्या मेसरक्लिंगर यांना सायनसचा निचरा प्रत्यक्ष बघता आला. त्यांचे शिष्य स्टॅमबर्गर आणि अमेरिकेत डेव्हिड केनेडी यांनी १९८५च्या सुमारास दुर्बिणीतून करायची शस्त्रक्रिया जगभर नेली. मुलांच्या बाबतीत धास्ती होती ती चेहऱ्याची वाढ खुंटेल याची. डुकराच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत तसं दिसलंही होतं. पण लहानपणी ऑपरेशन झालेल्या मुलांना सुमारे दहा वर्षांनी मोजून पाहणारा अभ्यास २००२मध्ये आला, त्यात चेहऱ्यात लक्षात येण्याजोगा फरक सापडला नाही. 'अठरा वर्षांपर्यंत थांबा' हा सल्ला त्यानंतर मागे पडायला हवा होता. काही ठिकाणी तो अजून ऐकू येतो.

दुसरं वळण १९९५चं, स्टॅनफर्डचं. मॉस आणि किंग यांनी दुर्बिणीने सायनस उघडल्यावर त्यात बारीक नळ्या ठेवून टोब्रामायसिन या अँटिबायोटिकने धुतलं आणि पुढे दर महिन्याला धुणं चालू ठेवलं. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण पहिल्या वर्षात १० टक्के, नेहमीच्या पद्धतीत ४७. दोन वर्षांत २२ विरुद्ध ७२. तुलनेतले गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे आकडे जपूनच वापरायचे. पण हाती आलेली गोष्ट पक्की होती : सीएफमध्ये ऑपरेशन हा औषध आत पोचवायचा दरवाजा आहे. दरवाजा उघडून धुणं केलं नाही, तर तो पुन्हा बुजतो.

कोपनहेगनच्या गटाने २००७पासून याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्यांचं म्हणणं असं की सायनस हे स्यूडोमोनास जंतूचं कोठार आहे. शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक तिथे पुरेसं पोचत नाही, ऑक्सिजन कमी असल्याने जंतू तिथे निवांत राहून औषधाला सरावतात, आणि मग खाली फुप्फुसात उतरतात. नाकातले आणि कफातले जंतू जनुकीयदृष्ट्या एकाच घराण्याचे निघाले, त्याने या म्हणण्याला बळ मिळालं. त्यांची पद्धत अशी : सायनसची तोंडं मोठी करायची, आतला पू कल्चरला पाठवायचा, शिरेतून दोन आठवडे अँटिबायोटिक, आणि घरी किमान सहा महिने कोलिस्टिन हे अँटिबायोटिक घातलेल्या सलाइनने नाक धुवायचं. अधूनमधून स्यूडोमोनास सापडणाऱ्या काही मुलांचा कफ त्यानंतर जंतुमुक्त राहिला. मात्र ऑपरेशनने फुंकणीचा आकडा, म्हणजे एफईव्ही१ (एका सेकंदात जोराने बाहेर फुंकलेली हवा), वाढतो असं बहुतेक अभ्यासांत ठरून दिसलेलं नाही. नाक मोकळं होतं, डोकेदुखी कमी होते, हे दिसतं. 'ऑपरेशन केलं की फुप्फुसं सुधारतील' असं वचन देऊन सही घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तिसरं वळण गोळ्यांनी आणलं. बिघडलेल्या सीएफटीआर प्रथिनालाच कामाला लावणारी पहिली गोळी, आयव्हाकॅफ्टर, २०१२मध्ये आली. एलेक्साकॅफ्टर, टेझाकॅफ्टर आणि आयव्हाकॅफ्टर या तिघांचं मिश्रण अमेरिकेत २०१९ साली १२ वर्षांवरच्यांना, २०२१मध्ये ६ वर्षांपासून आणि २०२३मध्ये २ वर्षांपासून मंजूर झालं. त्याने फुप्फुसांबरोबर नाकही सुधारलं; लक्षणं तर कमी झालीच, भरलेले सायनस स्कॅनमध्ये मोकळे होताना दिसले. त्यामुळे ही गोळी मिळणाऱ्या देशांत आता तातडी नसेल तर आधी गोळी, मग काही महिने वाट, मग ऑपरेशनचा विचार, असा क्रम आहे.

इथे आपल्याकडच्या घरांत गोंधळ होतो. लंडनच्या किंवा न्यू जर्सीच्या नातेवाइकांच्या मुलाचं ऑपरेशन टळलं, मग आपल्या मुलाला घाई कशाला? अमेरिकेत त्या गोळ्यांची वर्षाची किंमत तीन लाख डॉलरच्या वर आहे आणि भारतात त्या सहज मिळत नाहीत. शिवाय या गोळ्या ठरावीक उत्परिवर्तनांवरच चालतात. युरोपीय रुग्णांत एफ५०८डेल हा दोष बहुसंख्य असतो, भारतीय मुलांत त्याचा वाटा बराच कमी आणि इतर दोष नाना प्रकारचे. म्हणून मुलाचा जनुकीय अहवाल हातात असणं ऑपरेशनच्या निर्णयासाठीही लागतं. गोळी मिळणार नसेल तर प्रश्न स्टॅनफर्ड-कोपनहेगनच्या काळात होता तिथेच आहे, आणि वाट पाहण्यात तेवढा अर्थ नाही.

मग निर्णय कशावर? स्कॅनवर नाही. नाक पूर्ण बंद राहून तोंडाने श्वास, घोरणं, झोपमोड, रोजची डोकेदुखी, वास गेल्याने जेवणावरून उठलेलं मन. शेवटची गोष्ट घरात 'नखरे' म्हणून मोडीत काढली जाते, पण या मुलांना इतरांपेक्षा जास्त, कधी दुप्पटीपर्यंत उष्मांक लागतात. बेचव जेवणाने वजन उतरलं की फुप्फुसंही उतरतात. व्यवस्थित उपचार चालू असताना फुप्फुसांचे अटॅक वारंवार येत असतील आणि नाकात तोच जंतू सापडत असेल तर तेही कारण. फुप्फुस प्रत्यारोपणाआधी किंवा नंतर सायनस उघडायचे का, यावर केंद्राकेंद्रात मतभेद आहेत. पण पू साठून फुगलेला सायनस डोळ्याला ढकलत असेल, डोळा पुढे आला असेल, एकाचे दोन दिसत असतील, तर तिथे चर्चेला वेळ नाही.

बाकीच्यांनी आधी तीनेक महिने औषधाचे नीट उपचार केलेले असावेत. त्यात मुख्य नाक धुणं. २४० मिली पाण्यात अर्धा चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. पाणी उकळून कोमट केलेलं किंवा डिस्टिल्ड. नळाचं पाणी थेट नको, त्यात मेंदूपर्यंत जाणारा अमीबा असू शकतो. जलनेती करणाऱ्या घरांनाही हे लागू आहे. बाटली रोज निर्जंतुक करून कोरडी करावी, कारण ओल्या बाटलीत स्यूडोमोनास मजेत वाढतो आणि आपणच तो नाकात सोडतो. स्टेरॉइडचा फवारा धुतल्यानंतर मारायचा. आधी मारला तर तो शेंबडावरच बसतो.

ऑपरेशन ठरलं तर बारीकसारीक तपासण्यांतच बहुतेक घोटाळे टळतात. स्वादुपिंड काम करत नसल्याने व्हिटॅमिन के शोषलं जात नाही. पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) न बघता सुरुवात केली तर रक्त थांबत नाही आणि दुर्बिणीत लाल पडद्याखेरीज काही दिसत नाही. अशा वेळी डोळ्याची कागदासारखी भिंत किंवा मेंदूच्या तळाचं हाड फुटायचा धोका वाढतो. यकृत आणि प्लीहा वाढलेल्या मुलाच्या प्लेटलेट बघाव्यात. भुलेआधी फिजिओथेरपी वाढवावी, छाती भरलेली असेल तर अँटिबायोटिक देऊन ती आधी साफ करून घ्यावी. दहा वर्षांवरच्या मुलाची साखर तपासावी, स्टेरॉइडने ती चढते. टोब्रामायसिन आधी खूप झालं असेल तर ऐकण्याची तपासणी. एकाच भुलेत ब्रॉन्कोस्कोपीने, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून, खालचा कफ, दीर्घकाळची शिरेतली नळी किंवा दाताचं काम उरकता येतं, म्हणून छातीच्या डॉक्टरांशी तारीख आधी जुळवावी. नंतर वेदनाशामकात ओपिऑइड (मॉर्फिनसारखी औषधं) कमीत कमी, पाणी आणि पचनाची एन्झाइम वेळेवर. नाहीतर या मुलांचं आतडं तुंबतं आणि नाकासाठी आलेलं मूल पोटासाठी अडकून पडतं.

घरी नाक धुणं कोण करणार, दिवसातून दोनदा, शाळेआधी आणि झोपताना, किमान सहा महिने, हे ऑपरेशनच्या तारखेआधी ठरलेलं असावं. मूल हट्टाने नाही म्हणत असेल तर आधी महिनाभर सवय लावून बघावी. ती लागली नाही तर तारीख पुढे ढकलणं बरं. ऑपरेशननंतर वर्षाने 'सहज' सीटी काढला तर सायनस पुन्हा भरलेले दिसणारच, सीएफटीआर तेच आहे. मूल नाकाने श्वास घेत असेल, रात्री झोपत असेल, ताटातलं संपवत असेल, तर तो सीटी काढायला कारण नसतं.